आमेनच्या आधीचा खट्

पहिला पाय

मित्रांनो, मी जुना आहे, चौरंग आहे आणि एका पायाने आखूड आहे. चौरंग म्हटलं की तुम्हाला वर मांडलेली पूजा आठवेल. माझ्यावर कधी कुणी फूल वाहिलं नाही. माझ्यावर बुटकी माणसं उभी राहिली.

दूर समुद्रापलीकडच्या एका बेटावर, तोबा तळ्याच्या काठी लुम्बान हारियारा नावाचं आमचं गाव आहे. गावात लाकडी चर्च आहे आणि चर्चमध्ये पुलपिट आहे, म्हणजे उंचावर बसवलेली, कठडा असलेली लाकडी पेटी. तिच्यात उभं राहून पाळक उपदेश करतो. वर छत्रीसारखं कोरीव छत आहे. हे पुलपिट एका गोऱ्या मिशनऱ्याने स्वतःच्या मापाने बांधून घेतलं होतं. तो इतका उंच होता, की गावातली सगळी दारं त्याला कपाळाने ओळखत. म्हातारपणी तो आपल्या देशी परत गेला. जाताना त्याने सगळं काम आपल्या शिष्यावर, गावातल्याच गुरू माराजांवर सोपवलं. पवित्र शास्त्र दिलं, घंटा दिली, मंडळी दिली. उंची द्यायची राहून गेली.

पहिल्या रविवारी गुरू माराजा पुलपिटात चढले आणि दिसेनासे झाले.

"आवाज येतोय," मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "पण माणूस कुठाय?"

"विहिरीत पडला वाटतं."

"गप रे, केस दिसतायत. म्हणजे जिवंत आहे."

सोमवारी चर्चचे पंच सुताराकडे गेले. गावात सुतार एकच, आणि तो फक्त नावा बांधायचा.

"नावेला पाय नसतात," तो म्हणाला. "मला पायांतलं काही कळत नाही."

"चार लाव. सारखे लाव. एवढंच कळायचंय."

त्याने फणसाच्या फळ्या जोडल्या, सांध्यांत राळ भरली आणि मला तळ्यात सोडून बघितलं. मी तरंगलो. तो खूश झाला. पंच म्हणाले, "अरे बाबा, पुलपिटात पाणी नसतं." तो म्हणाला, "आज नाही. उद्याचं कुणी सांगावं?"

त्याने मला काठावरच्या वाळूत ठेवलं होतं. वाळूत कुठलीही वस्तू नीट बसते. चर्चच्या फळ्यांवर ठेवल्यावर कळलं की माझा तिसरा पाय बोटभर आखूड आहे.


दुसरा पाय

मी माणसांना पायांवरून ओळखतो. चेहरे मला फारसे दिसत नाहीत. काळा झगा खालपर्यंत येतो आणि त्याच्या घेराखाली मी असतो.

गुरू माराजांच्या टाचांना भातखाचरातल्या चिखलाच्या भेगा होत्या. त्यांच्यानंतरचे पाळक घाबरले की अंगठ्यावर अंगठा चढवत. त्यांच्यानंतरचे अनवाणी उभे राहत, कारण ते एकदा बुटांसकट घसरले होते. आमच्या गावाला येणारा प्रत्येक पाळक बुटकाच निघाला. कुणी म्हणे देवाची योजना, कुणी म्हणे पाळक मागवायला वर पत्र लिहिणारा पंचच बुटका.

मग आले वाल्देमार पाळक. जाड टाचेचे, आरशासारखे चकचकीत बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. तीसेक वर्षं ते माझ्यावर उभे राहिले. माझ्या आखूड पायाची भीती ज्याला कधीच वाटली नाही असा तो एकच माणूस. त्यांनी त्याचा उपयोग केला. बोलताना ते सगळं वजन डाव्या टाचेवर ठेवत. वाक्य चढत जाई, चढत जाई, आणि शेवटच्या शब्दावर ते अलगद उजवीकडे कलत.

खट्!

"आमेन!" मंडळी म्हणत.

इतकी वर्षं हे असंच चाललं. मंडळी खट् ऐकून आमेन म्हणू लागली. आमेन कुठे म्हणायचं याचा विचार करायचं कुणाला कारणच उरलं नाही. डुलकी घेणाराही खट् झाला की झोपेतच आमेन म्हणे, आणि पुन्हा डुलकी. पुढच्या बाकावर ओम्पुंग बिन्सार बसे. ओम्पुंग म्हणजे आजी. बिन्सारची आजी, म्हणून हे नाव. तिला उपदेशातलं फारसं काही ऐकू येत नसे. पण खट् जमिनीच्या फळ्यांतून तिच्या तळव्यांना कळे. सगळ्यांत मोठं आमेन तिचं.

बाहेरगावचे पाहुणे म्हणत, "काय उपदेश! प्रत्येक मुद्दा कसा ठोकून सांगतात!" मित्रांनो, ठोकत होतो मी. पण नाव त्यांचं झालं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.


तिसरा पाय

हा पाय आखूड आहे.

वाल्देमार पाळक निवृत्त झाले. गर्दीसमोर त्यांनी तिउर्मा नावाच्या तरुण पाळकबाईला चर्चची किल्ली दिली आणि खांद्यावर उलोस पांघरला. उलोस म्हणजे आमच्याकडचं मानाचं वस्त्र. तो तिला कमरेपर्यंतही पुरला नाही.

किल्ली दिली. त्यांचा हात मात्र तसाच पुढे राहिला.

पुढे थोडं डगमगेल. धरून बसा.


चौथा पाय

तिउर्मा आमच्याच गावची. लहानपणी वाल्देमार पाळकांच्या अंगणात बसून धर्माचे धडे शिकलेली. त्यांनीच तिला शहरात पाळक व्हायला पाठवलं, आणि फेरीबोट सुटली तेव्हा सगळ्या गावादेखत डोळे पुसले. ती शिकून परत आली तेव्हा सगळ्यांना एकच गोष्ट दिसली. पोरगी माडासारखी उंच झाली होती.

पहिल्या रविवारी ती पुलपिटाच्या पायऱ्या चढली, मला बघितलं आणि पायाने हळूच बाजूला सरकवलं. लगेच खालून मांगासी धावत आले. मांगासी म्हणजे पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत धार्मिक आणि सगळ्यांत कानाशी बोलणारे.

"इनांग पाळक, हे काय करताय?"

"सरकवतेय, आमांग. मला लागत नाही." आमांग म्हणजे बाबा, इनांग म्हणजे आई; आमच्याकडे मान देताना असंच म्हणतात.

"उंचीसाठी नाही हो! साहाला उतरलाय त्याच्यात."

साहाला म्हणजे थोरांच्या अंगचं तेज. आमच्याकडचे जुने लोक मानतात की ते थोरांकडून धाकट्यांकडे जातं. वस्तूंतूनही जातं. जेवलेल्या ताटातून, पांघरलेल्या वस्त्रातून. मांगासींनी हिशेब केला होता की इतके पाळक माझ्यावर उभे राहिले, म्हणजे सगळ्यांचं तेज माझ्यात मुरलं असणार, लोणच्यासारखं.

"उभ्या राहा," मांगासी म्हणाले. "तळव्यांतून वर चढेल. नाहीतर लोक म्हणतील, हिचा उपदेश लागत नाही."

तिउर्माने पुढच्या बाकाकडे पाहिलं. तिथे वाल्देमार पाळक बसले होते. निवृत्त पाळकाने दुसऱ्या गावी राहायला जावं अशी रीत आहे. पण त्यांचं घर इथे, कॉफीची झाडं इथे, मासे इथे. ते म्हणाले होते, "मी आपला पाहुण्यासारखा बसेन." तीसेक वर्षं त्यांनी याच पुलपिटातून बजावलं होतं की लाकडात आणि दगडात तेज नसतं, तेज देव देतो. आता एक शब्द बोलायचा अवकाश होता.

वाल्देमार पाळक खोकले. आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तिउर्मा माझ्यावर चढली. तिचं डोकं वरच्या कोरीव छतावर आपटलं. छतातल्या चिमण्या उडाल्या. मग ती कोळंबीसारखी वाकून उभी राहिली. पवित्र शास्त्र तिच्या गुडघ्यांपाशी आलं. आणि मुख्य म्हणजे, वजन कुठे ठेवायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तेव्हा सैतान त्याला म्हणाला—"

खट्!

"आमेन!"

ती थांबली. मंडळीही थांबली. तिने पाय सावरला.

"मी असं म्हणत नाही की सैतानाचं—"

खट्!

"आमेन!"

"थांबा—"

खट्!

"आमेन!"

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या मंडळीने दुष्टांच्या सुखाला आमेन म्हटलं, राजा हेरोदाच्या हुकमाला आमेन म्हटलं, आणि एकदा तिला शिंक आली तिलाही म्हटलं. ज्या वाक्यासाठी तिने आठवडाभर तयारी केली होती, त्या वाक्याला ती अगदी स्थिर उभी राहिली. चर्चमध्ये माशीचा आवाज ऐकू आला.

शेवटी आशीर्वादाची वेळ झाली. तिउर्माने दोन्ही हात उंचावले, म्हणजे छतापर्यंत जातील तेवढे. आणि पुढच्या बाकावर वाल्देमार पाळकही उठून मंडळीकडे वळले आणि त्यांनीही दोन्ही हात वर केले. त्यांना ते कळलंही नसावं. मंडळी गोंधळली. अर्ध्या माना वरच्या हातांकडे झुकल्या, अर्ध्या खालच्या. मग हळूहळू वरच्या अर्ध्याही खाली वळल्या. सवयीचे हात ते.

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. बाप्तिस्म्याची विनंती घेऊन लोक वाल्देमार पाळकांच्या घरी जात. आजाऱ्यासाठी प्रार्थना हवी तर त्यांच्याच घरी. मेजवानीत पाळकासाठी राखलेला मांसाचा वाटाही त्यांच्याच ताटात पडे, आणि तिउर्मा पानातल्या भाताकडे बघत बसे.

एक दिवस ती चर्चमध्ये आली, मला काखेत मारलं आणि तरातरा तळ्याकाठी निघाली.

वाल्देमार पाळक अंगणात जाळं विणत होते. ओम्पुंग बिन्सार शेजारी बसून पान कुटत होती. ती दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करून घ्यायला आली होती. अर्थातच त्यांच्याकडे.

तिउर्माने मला धाडकन समोर ठेवलं.

"आमांग, तुमचा चौरंग."

"माझा कसला? चर्चचा आहे."

"चर्चही तुमचंच आहे. तेवढं उचलून आणता आलं नाही."

पाळकांच्या हातातली सुई थांबली. "अगं, मी काय करतो? हात बांधून गप बसलेला असतो मी."

"बांधून? आशीर्वादाच्या वेळी वर कुणाचे असतात मग?"

"ते आपोआप जातात गं. खाज सुटावी तसं होतं. मला कळेपर्यंत वर गेलेले असतात."

"आणि मांगासींनी मला या लाकडावर चढवलं, तेव्हा?"

"तेव्हा मला खोकला झाला होता."

"याच अंगणात मला कुणी शिकवलं, आमांग? लाकडात तेज नसतं म्हणून? मी तेव्हा चिंच खात होते तर तुम्ही माझ्या हातातून चिंच काढून घेतलीत आणि परत म्हणायला लावलंत. मला तर ते पाठ आहे. तुम्हीच विसरलात."

जाळ्यातली एकच गाठ पाळक पुन्हा पुन्हा ओढत राहिले.

तिचा आवाज खाली आला. "मी तुम्हाला ढकलायला आले नाही. पण तिथे दोघांना जागा नाही. सुगीच्या सणाला जिल्ह्याचे मोठे पाळक येतायत. मी त्यांना सांगणार आहे, मला दुसरं गाव द्या. या गावाला पाळक आहे."

ती गेली. फाटक तिच्यामागे बराच वेळ हलत होतं.

"काय म्हणाली?" ओम्पुंग बिन्सारने विचारलं.

"जाते म्हणाली!" पाळक ओरडून म्हणाले.

"कोण? तू?"

"मी नाही! ती!"

"मग चुकीचं माणूस जातंय." तिने पान तोंडात टाकलं. "वाल्देमार, तुला पहिल्यांदा चर्चमध्ये बघितलं तेव्हा तुझ्या जागी जो म्हातारा होता, तो कसा उतरला होता रे?"

"दुसऱ्या दिवशी सामान बांधून गेला."

"आणि तू रडलास."

"रडलो."

"तुझ्यासाठी कुणी रडायला नको, म्हणून बसलायस होय इथे?" तिने पिंक टाकली. "देवाने तुला बुटकं का केलं, ठाऊक आहे? उतरायला सोपं जावं म्हणून. एक पायरी तर आहे. तेवढीही उतरवत नाही तुला?"

"ओम्पुंग, तुमच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करू ना?"

"काही नको. तिच्याकडून करून घेईन. तिचा हात वरून येतो, गुडघ्यापर्यंत पोचेल तरी." आणि ती लंगडत निघून गेली.

मग वाल्देमार पाळक माझ्यावर बसले. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यावर बसले. उभं राहिलेलं माणूस हलकं असतं. बसलेलं माणूस जड असतं, सगळंच्या सगळं असतं. रोज ते माझ्यावर बसून तळ्याकडे बघत. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "डाव्या टाचेचं मी तिला सांगितलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "विसरलो नव्हतो."


बैठक

सुगीच्या सणाचा रविवार. चर्चमध्ये भाताच्या लोंब्या, रताळी, केळीचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या. पुढे मानाच्या खुर्चीवर जिल्ह्याचे मोठे पाळक. तिउर्मा त्यांच्याशी उपासनेनंतर बोलणार हे गावाला कळलं होतं, कारण मांगासींनी ते फक्त एकाच्या कानात सांगितलं होतं.

वाल्देमार पाळक मला स्वतः उचलून घेऊन आले. मांगासी धावले.

"आणलात! आमांग, द्या इकडे, वर ठेवतो."

"वर नको."

"म्हणजे?"

"मला बसायचंय."

"अहो, तुमचा बाक आहे की पुढे! साहालाचं काय? ती त्यावर उभी नाही राहिली तर—"

वाल्देमार पाळक थांबले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करील अशा आवाजात म्हणाले, "मांगासी, हे फणसाचं लाकूड आहे. तेज देव देतो. फणसात गरे असतात."

आणि त्यांनी मला पुढच्या बाकाच्या पुढ्यात, अगदी ओम्पुंग बिन्सारच्या पायांशी ठेवलं आणि वर बसले. मी आधीच बुटका, ते आधीच बुटके. बसल्यावर बाकांवरून त्यांचा शेंडाही दिसेना.

तिउर्मा पुलपिटात चढली. पायांखाली रिकाम्या फळ्या होत्या. ती सरळ उभी राहिली, आणि मित्रांनो, कठडा बरोबर तिच्या कोपरांशी आला. पवित्र शास्त्र बरोबर नजरेसमोर आलं. छत डोक्यावर हातभर उंच राहिलं. गोऱ्या मिशनऱ्यानंतर त्या पेटीत नीट मावणारं माणूस पहिल्यांदाच उभं राहिलं होतं, आणि ते आमच्या गावचं होतं.

"हिच्याच मापाचं होतं की," कुणीतरी पुटपुटलं.

तिने उपदेश केला. कुठेही खट् झाला नाही, म्हणून कुणीही आमेन म्हटलं नाही. लोक नुसते ऐकत होते. डुलक्या घेणारेही बिचारे जागे होते, कारण आमेन कधी म्हणायचं याची त्यांना खात्री नव्हती आणि चुकायचं नव्हतं. मला वाटतं, त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी अख्खा उपदेश ऐकला.

मग आशीर्वाद. तिउर्माने हात वर केले, पूर्ण, कुठेही न अडखळता. आणि सगळी मंडळी सवयीने माना वळवून खालचे हात शोधू लागली.

"आमांग कुठायत?" मांगासी कुजबुजले. "दिसत का नाहीत?"

"समोर बघ," त्यांची भिरभिरती नजर पाहून ओम्पुंग बिन्सार म्हणाली. तिची कुजबूज मोठ्या पाळकांपर्यंत पोचली. "समोर, मेल्या. वर."

आता फक्त मला ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. वाल्देमार पाळकांचे हात वर जायला निघाले होते. खांदे उचलले गेले, कोपरं सुटली. तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, तळवे माझ्यावर टेकवले आणि स्वतःच्याच हातांवर गच्च बसले. त्यांच्या पायांचे तळवे मला तीसेक वर्षं ठाऊक होते. हातांचे तळवे पहिल्यांदा कळले. ते पकडून आणलेल्या कोंबडीसारखे सुटायला बघत होते. पण पाळक उठले नाहीत.

वरून तिउर्माचा आवाज येत होता. माना एकेक करून तिच्याकडे वळल्या, आणि झुकल्या.

आशीर्वाद संपला. आमच्याकडे त्यानंतर मंडळीने तीनदा आमेन गायचं असतं. कुणी सुरुवात करेना. सगळे वाट बघत होते. तिउर्माचे हात वरच होते. मोठे पाळक इकडेतिकडे पाहू लागले. एक कोंबडी ओरडली. तिउर्माचा चेहरा उतरू लागला असणार, कारण वाल्देमार पाळकांनी वर बघितलं, आणि त्यांचं वजन सावकाश डाव्या मांडीवर आलं. मी ओळखलं. कितीतरी वर्षांची ओळख.

ते अलगद उजवीकडे कलले.

खट्!

ओम्पुंग बिन्सारच्या तळव्यांना कळलं. "आमेन!" तिने सूर लावला, आणि मग अख्खी मंडळी, मांगासी, मोठे पाळक, डुलक्या घेणारे, सगळे. एकदा, दोनदा, तीनदा. छतातल्या चिमण्या पुन्हा उडाल्या.

गाणं संपल्यावर तिउर्माने हात खाली घेतले आणि खाली वाकून पुढच्या बाकाच्या पुढ्यात पाहिलं.

"आमांग," ती म्हणाली, "हात?"

"मुंग्या आल्यात," वाल्देमार पाळक म्हणाले. "जरा ओढ बघू. उठवत नाहीये."

तिने खाली येऊन त्यांना ओढून उभं केलं. मोठ्या पाळकांनी तिला विचारलं, "तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं म्हणे?" ती म्हणाली, "हो. जेवायला थांबा." त्या दिवशी पाळकाचा वाटा तिच्या ताटात पडला. मांगासींनी वाढला, आणि वाढताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं, ते अजून गावभर व्हायचं आहे.

मी आता रविवारच्या शाळेत असतो. वचन म्हणायची पाळी आली की लहान मुलं माझ्यावर चढतात. त्यांचे पाय ओले असतात, वाळूने भरलेले असतात, आणि कधीच स्थिर नसतात. खट्, खट्, खट्. वाल्देमार पाळक दुसऱ्या गावी राहायला गेले. निघताना सगळं गाव रडलं, आणि ते फेरीबोटीतून 'येतो' म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले, की तळ्याचं पाणी उडालं असेल.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड असेल. त्याच्यावर खुशाल चढा, ते त्यासाठीच केलेलं असतं. फक्त त्याच्यावर घर बांधू नका. आणि माझी एक विनंती. परवा नवा सुतार आला होता, माझा तिसरा पाय सारखा करून देतो म्हणाला. त्याला कुणीतरी सांगा, नको म्हणून.